जागरणाची वेल

आमच्या कळंबचा पत्ता सांगायचा तर आधी ते कोणतं कळंब नाही हे सांगावं लागतं. धाराशिव जिल्ह्यातलं नाही, आंबेगावकडचं नाही, इंदापूरचंही नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं, चिंतामणीचं. इतर गावांत देवाला जायला पायऱ्या चढतात, आमच्याकडे उतरतात. खाली गणपती आणि त्याच्या समोर कुंड. कुंडातलं पाणी वर्षानुवर्षं तळाशी असतं आणि एखाद्या वर्षी मनात आलं की वर चढून देवाचे पाय धुऊन जातं. लोक बारा वर्षांचा हिशोब सांगतात. पाणी तो फारसा काटेकोरपणे पाळत नाही. गावाचा स्वभावही साधारण तसाच आहे: जे व्हायचं ते होईल, पण आपल्या वेळेनं.

माघ उतरणीला लागला की आमच्या शिवारात अर्धवट कामांचा मोसम सुरू होतो. तूर घरात आलेली असते, हरभरा घाट्यावर, गहू ओंबीवर. आणि पऱ्हाटी? पऱ्हाटी नुसती उभी असते. कापसाचे वेचे होऊन गेलेले, पानं लाल पडलेली, पण शेंड्याला चार-दोन बोंडं लटकलेली. त्या चार बोंडांसाठी पीक ठेवायचं त्याला फरदड म्हणतात. कृषी खातं दरवर्षी कंठशोष करून सांगतं की फरदड घेऊ नका, गुलाबी बोंडअळी तिथंच मुक्काम ठोकते आणि पुढच्या हंगामात सहकुटुंब येते. मला हे सगळं पटतं. शाळेत होतो तेव्हा मीच मुलांना अळीचं जीवनचक्र फळ्यावर गोल काढून शिकवत असे. पण शेतात उभा राहिलो की नजर त्या चार बोंडांवर जाते.

“अवो, थे पऱ्हाटी उपटाची हाये का तिचं लगन लावाचं हाये?” सौभाग्यवतींनी विचारलं.

“चिमटा कोणाले देला थे आठवत नाही,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा मी गेल्या वर्षी कोणाला तरी दिला होता आणि घेणाऱ्याचं नाव डोक्यातून पार गेलं होतं. आळसाला असा सज्जड पुरावा फार क्वचित मिळतो.

त्याच संध्याकाळी भाच्याचा फोन आला. तो दिंडोरीकडं एका छोट्या वायनरीत नोकरीला आहे. बहिणीनं पहिली दोन वर्षं पाहुण्यांना ‘ज्यूसच्या कंपनीत’ असं सांगितलं. तिसऱ्या वर्षी त्याच्या पगाराचा आकडा कळल्यावर पाहुण्यांनी स्वतःहून ‘फूड प्रोसेसिंग’ असं नाव दिलं. “मामा, या इकडं,” तो म्हणाला, “आत्ताच खरं काम असते.”

द्राक्षाच्या मळ्याबद्दल मी पूर्वी एका पुस्तकात वाचलं होतं. युरोपातला हिवाळ्याचा शेवट. वेली निष्पर्ण, गाढ झोपलेल्या. शेतकरी कात्री घेऊन एकटाच ओळींमधून फिरतो, जुन्या काड्या छाटतो, ढकलगाडीतल्या लोखंडी पिंपात त्या जाळत हात शेकतो. २२ जानेवारीला तिकडे संत व्हिन्सेंटचा दिवस असतो. हा द्राक्ष-मळेवाल्यांचा संत. बर्गंडीत त्याची मिरवणूक निघते. आमची माघी गणेश जयंतीही साधारण त्याच सुमाराला येते, म्हणून तो संत मला जवळचा वाटला. एकूण चित्र फारच निवांत होतं. निवृत्त माणसानं पाहावं असंच. झोपलेल्या झाडांच्या सोबतीत चार दिवस काढू, म्हणून मी पिशवी भरली.

प्रवासाची हकीगत थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक गंमत आहे. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली तेव्हापासून आमच्या गावाला आगगाडी आहे. गाव तिच्याकडं अजून नव्या सुनेकडं पाहावं तसं पाहतं. त्या गाडीनं मी वर्ध्याला गेलो. वर्धा म्हणजे गांधीजींचा जिल्हा, संपूर्ण दारूबंदी. तिथून नाशिकला जाणारी रात्रीची गाडी कोणती, तर सेवाग्राम एक्स्प्रेस. आयुष्यात पहिल्यांदा वायनरी पाहायला निघालेला माणूस बापूंच्या आश्रमाच्या नावाच्या गाडीत बसून चालला होता. तिकीट तपासनिसानं कुठं जाता म्हणून विचारलं तेव्हा मी नुसतं “नाशिक, रामाचं गाव” म्हणालो.

पहाटे भाच्यानं झोपेतून उठवलं आणि बागेत नेलं. झोपलेल्या वेली कुठंच नव्हत्या. हिरव्यागार पानांच्या भिंती होत्या आणि त्यांच्या खाली काळे-निळे घड. अंधारातच बायका कामाला भिडल्या होत्या. सुरगाणा-पेठकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या. डोक्याला फडकं, हातात छोटी कात्री, पायाशी क्रेट. घड खुडायचा, किडका दाणा काढायचा, क्रेटमध्ये ठेवायचा. ट्रॅक्टर घुर्रघुर्र करत उभा. “ऊन चढाच्या आंदी माल आत गेला पाह्यजे,” भाचा म्हणाला. द्राक्ष गार असतानाच खुडायचं, नाहीतर रस्त्यातच ते स्वतःचे उद्योग सुरू करतं. हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. पुढं ते महागात पडलं.

“अरे पण हिवाळा हाये ना? वेल झोपत नाही का?”

“आपल्याकडं नाही झोपत मामा.”

मग त्यानं समजावून सांगितलं. युरोपात हाडं गोठवणारी थंडी पडते, वेल पानं टाकून देते आणि चार महिने निपचित पडते. आपल्याकडं तेवढी थंडीच नाही. निफाडला एखाद्या पहाटे पारा चार-पाच अंशांवर आला तर शेतकरीच घाबरतो आणि बागेत शेकोट्या पेटवतो, मणी तडकू नयेत म्हणून. वेलीला मनासारखं सोडलं तर ती बारमाही हिरवीच राहील, नुसती पसरत जाईल, आणि फळाच्या नावानं फार काही देणार नाही. म्हणून वर्षातून दोनदा तिला कापायचं. एप्रिलात खरड छाटणी. तेव्हा वेल अगदी बुंध्याच्या हातांपर्यंत खरडून काढतात आणि उन्हाळ्यात नव्या काड्या वाढवतात. मग पाऊस सरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, फळासाठी. तरी डोळे एकसारखे फुटत नाहीत. डोळे म्हणजे काडीवरचे कोंब. मग त्या डोळ्यांना औषध चोळतात, हायड्रोजन सायनामाइडचं. ते लागलं की सगळे डोळे एकदम उघडतात.

मी बराच वेळ त्या वेलीकडं पाहत राहिलो. डोळ्यांना औषध चोळून जागं केलेली ती बिचारी, पाचेक महिन्यांत फळाला आलेली, आणि फळ उतरलं की जेमतेम महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा कात्रीखाली जाणार. तिची पणजी फ्रान्समध्ये अंगावर बर्फ घेऊन घोरत असेल. इथं मात्र हिला घोरायला फुरसत नाही. माझ्या मनात शहरातल्या पोरांचा विचार आला. घरून काम, रात्री अमेरिकेशी मीटिंग. भाच्याचेही डोळे लाल होते. हंगामात तो चार तास झोपतो म्हणाला. ही नोकरी त्याला वेलीनंच लावून दिली असावी.

साखर मोजायचं यंत्र मात्र मला मनापासून आवडलं. एवढीशी दुर्बीण. काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा, उजेडाकडं धरून आत पाहायचं, आकडा दिसतो. चोवीस ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण चोवीस ग्रॅम साखर. वाईनच्या भाषेत याचा अर्थ साधारण तेरा टक्के अल्कोहोल. आकडा आला, माल आत. वादच नाही. आमच्या कापसात ओल किती हे घेणारा मूठभर कापूस दाबून, चेहरा वाकडा करून सांगतो आणि भाव त्या चेहऱ्याच्या वाकडेपणावर ठरतो. असं एखादं यंत्र चेहऱ्यांसाठीही निघायला हवं.

मी गणपतीच्या गावचा, म्हणून भाच्यानं शेजारच्या बागेतलं एक खायचं द्राक्षही दाखवलं. जात ‘तास-ए-गणेश’. सांगलीकडं तासगाव तालुक्यातल्या बोरगावात थॉमसनच्या वेलीतून निवडून काढलेली. तासगावचा तास आणि तिथल्या देवाचा गणेश. “हेची वाईन करतात का?” मी दबक्या आवाजात विचारलं. “नाही मामा, हे खायचं अन् बेदाण्याचं.” मला हायसं वाटलं. खाण्याच्या द्राक्षाला मोठा मणी लागतो, पातळ साल लागते, त्यासाठी विरळणी करतात, संजीवकात बुडवतात. वाईनच्या द्राक्षाला उलट छोटा मणी आणि जाड साल. शिराझ आणि काबरने सोव्हिन्योंचे मणी करवंदाएवढे, तोंडात टाकले तर जास्त साल आणि बिया. दिसायला सामान्य, अंगात गुण. विदर्भात अशी माणसं पुष्कळ आहेत.

मग वायनरीत गेलो. आत स्टीलच्या उंच टाक्या, जमीन सतत धुतलेली, आणि हवेत एक आंबूस-गोड वास. त्या वासानं मी जागच्या जागी थबकलो. हा वास माझ्या ओळखीचा होता. लहानपणी नाल्याच्या पलीकडून वाऱ्याबरोबर यायचा. आई म्हणायची, तिकडं जाऊ नका.

भाचा उत्साहानं सांगत होता. मणी देठापासून सुटे होतात, फुटतात. पांढऱ्या वाईनसाठी रस लगेच दाबून काढायचा आणि गार टाकीत ठेवायचा. तांबड्यासाठी सालीसकट आंबवायचं, कारण बहुतेक काळ्या द्राक्षांचा रसही पांढुरकाच असतो, रंग सालीत असतो. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल करतं आणि वर वायू सोडतं. “टाकीत वाकून नका पाहू,” त्यानं मला दंडाला धरून मागं ओढलं. “वर कार्बन डायऑक्साइड असते, माणूस जागच्या जागी जाते.” आमचा देव वाकल्याशिवाय दिसत नाही, आणि इथं वाकलं की थेट देवापाशीच.

आंबताना साली वर येतात आणि त्यांचा जाड थर तरंगतो. त्याला ‘कॅप’ म्हणतात, म्हणजे टोपीच. ही टोपी दिवसातून दोन-तीनदा खालच्या रसात बुडवावी लागते किंवा खालचा रस वर आणून तिच्यावर ओतावा लागतो. तसं केलं नाही तर ती वरच्या वर सुकते, आंबट होते आणि खालचा चांगला रसही बिघडवते. सार्वजनिक जीवनातल्या काही टोप्या मला आठवल्या. पण मी पाहुणा होतो.

साखर पूर्ण संपली की वाईन ‘ड्राय’. माझी शेती ड्राय, शेजारचा जिल्हा ड्राय, साखर काय ती माझ्या रक्तात. भाच्याला हे सांगितलं तर तो हसला नाही. तो चार तास झोपलेला होता.

आमच्या घरात वाईन कधीच आली नाही असं मी समजत होतो. पण टाक्यांपुढं उभं राहून आठवलं, की आजीच्या कपाटात द्राक्षासवाची बाटली असायची. जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाण्यात. भूक लागते म्हणून आजी घ्यायची, आणि भूक लागली की पुन्हा घ्यायची. द्राक्षासवात कोणी वरून मद्य ओतत नाही. द्राक्षं, गूळ किंवा साखर आणि धायटीची फुलं घालून ते आपोआप आंबवतात. म्हणजे आजीची वायनरी होतीच. फक्त तिच्यावर वैद्यबुवांचं लेबल होतं.

शेवटी तो नाल्यापलीकडचा वास. फाल्गुनात आमच्याकडं मोह पानं टाकतो. उघड्या फांद्यांवर पालवी यायच्या आधीच फुलांचे झुपके लागतात, आणि पहाटे ती मांसल, पिवळसर पांढरी फुलं टपटप खाली पडायला लागतात. खुडायची गरज नाही, कात्रीही नको. कोलामांच्या, गोंडांच्या बायका-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली बसतात. ऊन चढाच्या आत माल घरी गेला पाहिजे, हा नियम तिथंही तोच. फुलं वाळवतात, भाजून खातात, गुरांनाही घालतात. आणि काही फुलं भिजत घालतात. आपल्या वर्तमानपत्रात त्या भिजवलेल्या फुलांना ‘सडवा’ म्हणतात: ‘पोलिसांची धाड, मोहफुलांचा सडवा नष्ट’. द्राक्षाचा सडवा झाला की ते फर्मेंटेशन. इकडे चोथ्याला पोमेस म्हणतात, तिकडे चोथाच म्हणतात. लाकडी पिंपातून वाईनचा काही अंश दरवर्षी उडून जातो, त्याला युरोपात देवदूतांचा वाटा म्हणायची पद्धत आहे. आमच्याकडं वाटा घेणारे उडून जात नाहीत, मोटारसायकलवर येतात.

भाच्यानं मला थांबवलं. “मामा, फरक हाये. वाईन नुसती आंबवतात. मोहाची गाळतात, भट्टीवर. अल्कोहोल जास्त. त्यात काय टाकतात थे कोणाले ठाऊक?” त्याचं बरोबर आहे, आणि आमच्या जिल्ह्यातल्या बायांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले ते हौसेनं नव्हे. त्या नाल्यापलीकडच्या घरांतून रात्री येणारे आवाज मी ऐकलेले आहेत. मला मोहाची वकिली करायची नाही. फक्त एवढंच लक्षात आलं, की साखर खाणाऱ्या यीस्टला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याच्या दृष्टीनं शिराझ आणि मोह ही दोन्ही घरची जेवणं. इंग्रजांनी १८९२ साली मुंबई इलाख्यात महुड्याचा कायदा करून ठाणे-कुलाब्याकडं मोहफुलं बाळगण्यावरच बंधनं घातली. २००१ साली महाराष्ट्रानं वाईनसाठी द्राक्ष-प्रक्रिया धोरण आणलं आणि सवलती दिल्या. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय झाला, तेव्हा वाईन म्हणजे दारू की नाही यावर राज्यभर महिनाभर खल झाला. त्या दिवसांत मी टीव्ही पाहत मान डोलवत होतो. सौभाग्यवती पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, “बाटली हाये ना? मंग दारू.” तो निर्णय पुढं वादात अडकला. घरातला निर्णय मात्र तेव्हाच लागू झाला.

निघताना भाच्यानं एक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून पुढं केली. मला वर्धा आठवलं आणि मी हात मागं घेतला. मग त्यानं शेजारच्या बागेतली द्राक्षांची पेटी दिली. खायची, निष्पाप, बिनबियांची.

रात्रीचा प्रवास, माणसांनी खच्चून भरलेला डबा, आणि कोणीतरी त्या पेटीवर आपली बॅग ठेवली. सकाळी वर्ध्याला उतरलो तेव्हा पुठ्ठा एका कोपऱ्यात ओला झाला होता. कळंबच्या गाडीला अवकाश होता. ऊन तापलं. आमच्याकडं फेब्रुवारी संपता संपता दुपारी हिवाळ्याचं नावसुद्धा राहत नाही. मी पेटीशेजारी पेपर वाचत बसलो, आणि हळूहळू तो वास आला. आंबूस-गोड. खालचे घड चिरडले होते आणि सालीवरच्या यीस्टनं कोणाची परवानगी न घेता कामाला सुरुवात केली होती. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात, फलाटावर, माझ्या मालकीची एक छोटी वायनरी सुरू झाली होती.

एक शिपाई दोन वेळा समोरून गेला. तिसऱ्या वेळी थांबला.

“काय हाये गुरुजी?” मी गुरुजी आहे हे त्याला कसं कळलं देव जाणे. चेहऱ्यावरच असतं ते.

“द्राक्षं.”

त्यानं वरचा एक दाणा उचलला, तोंडात टाकला, क्षणभर विचार केला. कोल्ह्याला न मिळालेली द्राक्षं आंबट असतात हे मी पंचवीस वर्षं शिकवलं. या गृहस्थाला ती मिळाली होती.

“आंबट हाये,” तो म्हणाला आणि निघून गेला.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी वरचे घड धुऊन ताटात ठेवले आणि खालचे नाकाला पदर लावून कडुनिंबाखाली नेऊन टाकले. संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागली.

दुसऱ्या दिवशी शेतात गेलो. धुऱ्यावरच्या मोहाची पानं गळायला लागली आहेत, आठ-पंधरा दिवसांत झाड उघडं होईल. पऱ्हाटीला मात्र शेंड्याकडं नवी पाती आली आहे. मी वेळेवर उपटली नाही, म्हणून ती अजून कामावरच आहे. तिलाही झोप नाही. एक बोंड उकलून पाहिलं. आत गुलाबी अळी होती, तब्येतीनं उत्तम.

उपटायची ठरली आहे, येत्या सोमवारी. गेल्या माघात माझ्याकडून चिमटा नेलेला माणूस हे वाचत असेल, तर त्यानं तो आणून द्यावा. दांड्याला निळ्या रंगाची चिंधी बांधलेली आहे.